टेबलावरचे रोलप्लेइंग खेळ: सिस्टीमने खरंच फरक पडतो का?

गुहाचर (सोमवार, रात्री ९:४२)

मंडळी, आमचा गट बऱ्याच काळापासून डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स) पाचवी आवृत्ती खेळतोय. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच. भांडणं नाहीत, सगळे वेळेवर येतात, पण हल्ली प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला आहे. एकाला फक्त लढाई हवी. नकाशा आणि मिनिएचर बाहेर काढले की त्याचा चेहरा खुलतो. एक बाई सरायवाल्याशी अर्धं सेशन गप्पा मारते, आणि त्या सरायवाल्याला तीन मुली आहेत हे मला तिच्यामुळे ठरवावं लागलं. तिसरा सेशनमध्ये कमी आणि सेशनबाहेर जास्त खेळतो. बाराव्या लेव्हलला पात्राने कोणतं फीट (खास कौशल्य) घ्यायचं ते त्याचं चौथ्या लेव्हललाच ठरलेलं असतं. चौथी गप्प बसते. विचारलं की "मजा येतेय" म्हणते.

थोडी शोधाशोध केली तर प्रकारच प्रकार. ओएसआर (जुन्या वळणाचे), नॅरेटिव्ह (गोष्टीवर भर असलेले), पीबीटीए (अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळावरून बेतलेले), हॉरर, जीएमशिवायचे (खेळ चालवणारा नसलेले), एकट्याने खेळायचे. डोकं गरगरलं. माझं मत सरळ सांगतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल: ही सगळी पुस्तकं विकायची निमित्तं आहेत. चालवणारा चांगला असेल तर कुठल्याही नियमांवर कुठलाही खेळ रंगतो, आणि वाईट असेल तर कुठलीच सिस्टीम त्याला वाचवत नाही.

पटत नसेल त्यांनी उदाहरण देऊन सांगा. "खेळून बघ म्हणजे कळेल" हे उत्तर चालणार नाही.

कट्ट्यावरचा (सोमवार, रात्री ९:५१)

जागा धरून ठेवतोय. वाचतोय.

अर्धाफासा (सोमवार, रात्री १०:०५)

खेळून बघ म्हणजे कळेल.

(हलकेच घ्या.)

टेबलखुर्ची (सोमवार, रात्री ११:२०)

उदाहरण हवंय ना? घ्या. एक कुलूपबंद दार, पलीकडे तिजोरी, अलीकडे चोर. आता हेच दार वेगवेगळ्या खेळांत उघडून बघू.

पाचवी आवृत्ती: डीएम डीसी (गाठायचा आकडा) १५ धरतो. चोराला डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) ९ पडतात, वर कौशल्याचे ५ मिळवून १४. नाही उघडलं. पुढे काय? चोर म्हणतो "परत टाकू?" बार्बेरियन म्हणतो "सरक, लाथ घालतो." मग विझार्ड उगाच हात धुऊन घेतो. दारापुढे रांग लागते आणि कधीतरी कोणाला तरी १८ पडतात. एवढा वेळ गोष्ट जागची हललेली नसते.

जुन्या वळणाचा खेळ, म्हणजे १९८१चा डी अँड डी बेसिक किंवा त्यावरूनच बेतलेला ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स: इथे पहिल्या लेव्हलच्या चोराला कुलूप उघडायची शक्यता १५ टक्के. फसलं तर लेव्हल वाढेपर्यंत त्या कुलपाला हात लावायचा नाही. शिवाय घड्याळ चालू आहे. एक टर्न दहा मिनिटांचा, मशाल सहा टर्न टिकते, दर दोन टर्नला डीएम डी६ टाकतो आणि १ पडला की भटकं काहीतरी दारात हजर. त्यामुळे खेळाडू फाशांकडे बघतच नाहीत. बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत? दाराखाली फट आहे? कुऱ्हाडीने फोडलं तर आवाज किती लांब जाईल? असे प्रश्न सुरू होतात.

कॉल ऑफ कथुलू या हॉरर खेळाची सातवी आवृत्ती: रोल फसला तर तो 'पुश' करता येतो. पण या खेपेला वेगळं काय करताय ते सांगायचं, आणि परत फसलं तर काहीतरी भयंकर होणार हे मान्य करून टाकायचं. कीपर (इथला डीएम) शांतपणे म्हणतो, "फसलं तर तार आत तुटेल, आणि आतल्याला कळेल की बाहेर कोणीतरी आहे." टाकायचे का फासे?

अपोकॅलिप्स वर्ल्ड आणि त्याची पिल्लं: दोन डी६. १० किंवा वर, काम फत्ते. ७ ते ९, उघडतं पण काहीतरी मोजावं लागतं. ६ किंवा खाली, पुढची चाल खेळ चालवणाऱ्याच्या हातात. कुलूप उघडेलसुद्धा, पण आत पहारेकरी जेवायला बसलेले असतील. "काही झालं नाही" हा निकालच त्या खेळात नाही.

ब्लेड्स इन द डार्क, चोरांच्या टोळीचा खेळ: खेळाडू म्हणतो, "फ्लॅशबॅक. काल संध्याकाळी मी इथल्या नोकराला पैसे चारून दार उघडं ठेवायला सांगितलं होतं." थोडा स्ट्रेस (पात्रावरचा ताण) मोजायचा, गरज पडली तर एक रोल, आणि दार कालपासूनच उघडं.

सगळीकडे चालवणारा एकच माणूस धरा. तोच आवाज, तीच अक्कल. तरी टेबलावर घडलेल्या गोष्टी किती निराळ्या आहेत बघा.

गुहाचर (मंगळवार, सकाळी ८:१०)

उदाहरण आवडलं, पण हे मी पाचव्या आवृत्तीतही करतो की. रोल फसला तर "उघडलं, पण आवाज झाला" असं सांगतो. त्यासाठी नवीन पुस्तक कशाला?

टेबलखुर्ची (मंगळवार, सकाळी ८:३५)

करता, कारण तुम्हाला सुचतं. ज्याला सुचत नाही त्याला तो खेळ सुचवतो. आणि तुम्ही जे करता ते त्या पुस्तकातला नियम बाजूला ठेवूनच करता. म्हणजे सिस्टीम बदललीच, फक्त वहीवर लिहिली नाही.

जुनेपुराणे (मंगळवार, दुपारी १:१५)

चांगला धागा. मी थोडं मागे जातो, चालेल ना?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डी अँड डी बाहेर आला, तो युद्धखेळांच्या पोटातून. गायगॅक्सकडे १९७१चा चेनमेल होता, मध्ययुगीन सैन्याच्या लढायांचा. आर्नेसनकडे ब्लॅकमूर नावाचं जग होतं आणि डेव्हिड वेस्ली नावाच्या गड्याने चालवलेल्या ब्राउनस्टाइन खेळाचा अनुभव होता. ब्राउनस्टाइनमध्ये प्रत्येक खेळाडूच्या हातात सैन्याऐवजी एकच माणूस आणि त्याचा स्वतःचा हेतू. रोलप्लेची ठिणगी तिथली, हिशेब चेनमेलचे. लढाईवाला आणि गप्पावाली हे गुहाचर यांच्या टेबलावरचे दोन पक्ष त्या जन्मापासूनच आहेत.

आता मूळ वादाकडे. नियम खेळाडूला काय करायला शिकवतात हे बघायचं असेल तर एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण) कशाचे मिळतात तेवढं बघावं. १९८१च्या बेसिकमध्ये फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २००० एक्सपी लागतात. गॉब्लिन मारला तर ५. सोन्याचं एक नाणं गुहेबाहेर सुखरूप आणलं तर १. म्हणजे नुसते गॉब्लिन मारून दुसऱ्या लेव्हलला जायचं तर एकट्याला ४०० मारावे लागतील, आणि विझार्डाचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) एका डी४वर ठरलेले. कोण शहाणा लढेल? लोक लपून जात, लाच देत, दोन टोळ्यांमध्ये भांडण लावून मधून पेटी पळवत.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत दुसरी लेव्हल ३०० एक्सपीवर, आणि एका गॉब्लिनचे ५०. सहा गॉब्लिन की झालं. वर पात्राच्या पानावरची निम्मीअधिक जागा लढाईच्या करामतींनी भरलेली. मग खेळाडू लढतात आणि आपण म्हणतो, "काय हे, सगळे मर्डरहोबो (दिसेल त्याला मारत सुटणारे) झालेत." त्यांनी पुस्तक वाचलंय, एवढंच.

शून्यगुण (मंगळवार, दुपारी १:४०)

आमच्या गटात गॉब्लिन मारत नाहीत, दत्तक घेतात. सध्या चार आहेत. त्यातल्या एकाला हिशेब येतो म्हणून पार्टीची थैली त्याच्याकडे.

नकाशेवाली (मंगळवार, दुपारी २:२२)

जुनेपुराणे काका, मुद्दा भारी. पण एक्सपी मोजतं कोण हल्ली? आमच्याकडे माइलस्टोन. डीएमला वाटलं की लेव्हल वाढते.

जुनेपुराणे (मंगळवार, दुपारी ३:०५)

तोही नियमच झाला, ताई. फक्त आता बक्षीस डीएमच्या कथेतला पुढचा टप्पा गाठल्याचं मिळतं. म्हणून खेळाडू "आता आम्ही कुठे जायचं अपेक्षित आहे?" असं विचारायला लागतात. हा प्रश्न तुमच्या टेबलावर ऐकू येतो का ते सांगा.

नकाशेवाली (मंगळवार, दुपारी ३:०९)

...येतो.

सांजछाया (मंगळवार, रात्री १०:३०)

हॉररबद्दल कोणी सविस्तर बोललं नाही म्हणून मी. पाचव्या आवृत्तीत भीती दाखवायचा प्रयत्न ज्यांनी केला असेल त्यांना माहीत आहे. डीएम आवाज खाली आणून वर्णन करतो, दिवे मंद केलेले, आणि सत्तर हिट पॉइंटवाला पॅलाडिन विचारतो, "त्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) किती असेल?" पॅलाडिनचा दोष नाही. ज्याच्याशी लढता येतं त्याची भीती वाटत नाही.

कॉल ऑफ कथुलू आला १९८१ मध्ये, सँडी पीटरसनचा. त्यात सॅनिटी (मनाचा तोल) नावाचा आकडा आहे, आणि तो कॅम्पेनभर (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीभर) बहुतेक खालीच जात राहतो. पुस्तक वाचून जादू शिकलात तरी सॅनिटी जाते. म्हणजे जिंकायला जे कळायला हवं तेच कळून घेतलं की माणूस ढासळतो. भीतीचा सगळा कारखाना या एका नियमात आहे. कीपरने आवाज नाही काढला तरी चालतं.

दुसरं टोक म्हणजे ड्रेड. त्यात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा, तोच जेंगाचा. धोक्याचं काही करायचं तर एक ठोकळा ओढायचा. नको असेल तर सोडा, पण मग काम फसलं. मनोरा पडला की तुमचं पात्र गोष्टीतून बाद. पहिल्या तासात सगळे हसत असतात. मनोरा विरळ झाला की टेबलाला कोणी कोपर टेकवत नाही, आणि ज्याची पाळी त्याची बोटं खरोखर थरथरतात. पात्राला नाही, माणसाला भीती वाटते! गुहाचर साहेब, कितीही चांगला डीएम असला तरी डी२० हातात देऊन हे करून दाखवा.

फिरकी (मंगळवार, रात्री १०:५८)

सांजताई, टेन कँडल्सही सांगा की. दहा मेणबत्त्या, विझलेली परत पेटवायची नाही, आणि शेवटी सगळी पात्रं मरणार हे आधीच जाहीर.

कट्ट्यावरचा (मंगळवार, रात्री ११:१२)

मरणारच असेल तर खेळायचं कशाला? प्रामाणिक शंका आहे.

सांजछाया (मंगळवार, रात्री ११:४०)

कारण "वाचू का?" हा प्रश्न गेला की "शेवटच्या उजेडात हा माणूस काय करेल?" हा उरतो. पेटत्या मेणबत्त्या जितक्या, तितके खेळाडूंचे फासे, आणि विझलेल्यांइतके जीएमचे. म्हणजे तुमच्या हातातून गेलेलं दर वेळी समोरच्याकडे जमा होतं. दर आठवड्याला खेळायचा प्रकार नाही हा, ते मान्य.

रूल्सवकील (बुधवार, सकाळी ७:४५)

टेबलखुर्ची यांनी दोन डी६चा उल्लेख केला आहे, त्यावर थोडी आकडेमोड. डी२०वर प्रत्येक आकडा ५ टक्के. सपाट मैदान. म्हणून पाचव्या आवृत्तीत तरबेज चोरही साध्या कुलपावर तोंडघशी पडतो आणि अडाणी बार्बेरियन २० टाकून जातो.

दोन डी६ची बेरीज मध्ये फुगते. ३६ शक्यतांपैकी ६ किंवा खाली १५, ७ ते ९ मध्येही १५, १० आणि वर फक्त ६. म्हणजे बोनस नसेल तर साधारण ४२ टक्के अपयश, ४२ टक्के अर्धंमुर्धं, १७ टक्के निर्भेळ यश. +२ असेल तर आकडे उलटतात: १७ टक्के अपयश, ४२ अर्धंमुर्धं, ४२ निर्भेळ. मधला ढीग बोनस कितीही असो, ४२-४४ टक्क्यांच्या आसपासच राहतो. खेळ "हो, पण..." वर चालतो तो यामुळे. गोष्ट गुंतत जाणं हे त्या गणितात बसवलेलं आहे.

अर्धाफासा (बुधवार, सकाळी ८:०२)

हे सगळं ठीक, पण माझ्या फाशांना गणित शिकवलेलं नाही.

दशांशचिन्ह (बुधवार, सकाळी ९:२०)

रूल्सवकील, "बोनस कितीही असो" हे फार झालं. +३ ला ७ ते ९ म्हणजे नैसर्गिक बेरीज ४, ५, ६. शक्यता १२, म्हणजे ३३ टक्के. त्या खेळांत +३ मिळतोच की कधीतरी. बाकी मुद्दा बरोबर.

मुखवटा (बुधवार, दुपारी १२:१०)

इथे सगळे नियमांवर तुटून पडलेत, म्हणून धागाकर्त्याच्या बाजूने थोडं बोलतो. मी व्हॅम्पायर: द मॅस्करेड खूप खेळलोय. १९९१चा खेळ, पुस्तकभर शोकांतिका, माणुसकी गमावण्याचं दुःख वगैरे. मूठभर डी१० टाकायचे. आमच्या टेबलावर काय झालं? काळे कोट घातलेले सुपरहिरो. ट्रकने भिंत फोडणे, छतांवरून उड्या. पुस्तकाने कितीही सांगितलं तरी टेबलाला जे हवं तेच टेबल खेळतं. गुहाचर, तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं.

टेबलखुर्ची (बुधवार, दुपारी १२:५०)

मुखवटाशेठ, त्या पुस्तकात प्रस्तावना शोकांतिकेची आणि शक्तींची यादी सुपरहिरोंची होती. टेबलाने यादी खेळली. माझंच म्हणणं सिद्ध केलंत, आभारी आहे.

मुखवटा (बुधवार, दुपारी १:०४)

तुम्ही कुठल्याही उदाहरणातून तेच सिद्ध करणार हे आता कळलं.

फिरकी (बुधवार, दुपारी १:३०)

कट्ट्यावरचा, आता बसायला जागा करा, रंगात येतंय.

नकाशेवाली (बुधवार, दुपारी ४:१५)

थोडं अवांतर. डीएम व्हायला कोणी तयार नसेल तर काय, यावर कोणी बोललं नाही.

फियास्को, २००९चा, जेसन मॉर्निंगस्टारचा. तीन ते पाच जण, जीएम नाही, तयारी नाही. फासे टाकून पात्रांमधली नाती, गरजा, जागा, वस्तू ठरवायच्या आणि मग मोठ्या हावेच्या छोट्या माणसांची वाट लागताना बघायची. पात्र वाचवायला गेलात तर कंटाळा येतो. त्याला खड्ड्यात ढकलायचा आनंद ज्याला घेता येतो त्याच्यासाठी आहे.

माझा लाडका मात्र द क्वाएट इयर. एव्हरी आल्डरचा. पात्रंच नाहीत! सगळे मिळून एका वस्तीचा नकाशा काढतात. पत्त्यांचा जोड, प्रत्येक पान म्हणजे एक आठवडा, प्रत्येक रंग एक ऋतू. हिवाळा इस्पिकचा, आणि त्यात इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथेच संपतो. तो पहिलाच निघेल की तेरावा, कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे निम्मी कामं अर्धवट राहतात. आमच्या वस्तीने सबंध वर्ष एक विहीर खणली आणि पाणी लागायच्या आठवड्यात राजा निघाला. कोणीच बराच वेळ पत्ते आवरले नाहीत.

आणि गुहाचर, तुमची गप्प बसणारी मैत्रीण. तिला हा खेळ देऊन बघा. आवाज काढायचा नाही, पात्र वठवायचं नाही, पेन्सिल हातात घेऊन एक नदी काढायची. आमच्यातला सगळ्यात अबोल माणूस नकाशावर सगळ्यात दुष्ट निघाला.

गुहाचर (बुधवार, संध्याकाळी ६:४०)

हे मनावर घेतो. मला वाटत होतं तिला कंटाळा येतो.

पडद्यामागे (बुधवार, संध्याकाळी ७:२५)

येत नसेलही. रॉबिन लॉज यांनी २००२ साली खेळाडूंचे प्रकार मांडले होते, त्यात पॉवर गेमर, टॅक्टिशियन, मेथड अॅक्टर यांच्या जोडीला कॅज्युअल गेमर हाही एक मानाचा प्रकार आहे. तो माणसांसाठी येतो. त्याला उगाच प्रकाशझोतात ओढलं की तो यायचा बंद होतो. "मजा येतेय" म्हणजे खरंच मजा येतेय, असंही असू शकतं हो. थेट विचारा, पण सगळ्यांसमोर नको.

आणखी एक. २०१५पासून क्रिटिकल रोल हा डी अँड डी खेळण्याचा कार्यक्रम बघून लोक येतात आणि त्यांना वाटतं रोलप्ले म्हणजे आवाज काढणं. ती मंडळी पोटापाण्यासाठी आवाज देणारी नटमंडळी आहेत! "माझी फायटर त्याला धमकावते, त्याच्या भावाचं नाव घेऊन" हे तृतीयपुरुषी वाक्य शंभर टक्के रोलप्ले आहे. निर्णय पात्राचा असला की झालं.

जुनेपुराणे (बुधवार, रात्री ९:००)

पडद्यामागे यांना अनुमोदन. प्रकारांच्या वर्गवारीचा विषय निघालाच आहे तर, १९९७च्या सुमारास युजनेटवर (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत) तिहेरी विभागणी झाली होती, नाट्य, खेळ आणि सिम्युलेशन अशी, आणि पुढे रॉन एडवर्ड्सने त्यातून जीएनएस (गेमिझम, नॅरेटिव्हिझम, सिम्युलेशनिझम) काढलं. त्यावरून लोक वर्षानुवर्षं भांडले. एक माणूस एका संध्याकाळी तिन्ही असतो, एवढं लक्षात ठेवलं तर ती भांडणं वाचायची गरज नाही.

रूल्सवकील (बुधवार, रात्री ९:१२)

मी वाचली आहेत. सगळी. गरज नाही हे खरं.

शून्यगुण (बुधवार, रात्री ९:३०)

ट्रॅव्हलर राहिला. १९७७चा. पात्र बनवतानाच मरू शकतं. पात्राच्या आधीच्या आयुष्यात नोकरीची आणखी एक फेरी करावी म्हणून फासे टाकले आणि गेला जीव, खेळ सुरू व्हायच्या आधी. एवढा प्रामाणिक खेळ दुसरा नाही.

सांजछाया (गुरुवार, सकाळी १०:०५)

रहस्याच्या खेळांबद्दल एक राहिलं होतं. पुराव्याचा कागद टेबलाखाली आहे, कोणालाच स्पॉट हिडन (लपलेलं शोधायचं कौशल्य) लागला नाही, गोष्ट तिथेच ठप्प. ट्रेल ऑफ कथुलूने २००८ मध्ये ही गाठ तोडली: योग्य कौशल्याचा माणूस योग्य ठिकाणी शोधत असेल तर दुवा मिळतोच, फासे नाहीत. मजा दुवा मिळण्यात नसून त्यावरून काय ताडायचं यात आहे. हे वाचल्यावर कुठल्याही सिस्टीममध्ये वापरता येतं, गुहाचर यांच्या पाचव्या आवृत्तीतसुद्धा.

मुखवटा (गुरुवार, सकाळी १०:४०)

म्हणजे पुस्तक दुसऱ्याचं वाचायचं आणि चालवायचं आपलंच. धागाकर्ते जिंकले म्हणायचे की हरले?

कोपऱ्यातला (गुरुवार, दुपारी २:००)

एवढ्या सिस्टीम शिकायला वेळ कोणाकडे आहे? एक घ्या, नीट शिका. आणि ते सेशन झिरो (खेळाआधीची बोलणी), लाइन्स अँड व्हेल्स (काय टाळायचं, काय झाकायचं), एक्स-कार्ड (नकोसं झालं की थांबवायचं कार्ड) वगैरे नाटकं तर अजिबात कळत नाहीत. मित्रमंडळीत खेळताना फॉर्म कसले भरायचे?

पडद्यामागे (गुरुवार, दुपारी २:४५)

फॉर्म नाही हो. दहा मिनिटांची बोलणी. आमच्या गटात एकाने आधीच सांगितलं, "लहान मुलांना इजा होताना दाखवू नका, बाकी काही चालेल." कारण विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. माझ्या मोड्यूलमध्ये (आखलेल्या गोष्टीत) नेमकं तेच होतं. मी हरवलेल्या मुलाच्या जागी हरवलेला घड्याळजी घातला. गोष्टीचं काडीचं बिघडलं नाही आणि तो माणूस संपूर्ण कॅम्पेन मोकळेपणाने खेळला. मित्र असले की विचारायला उलट सोपं जातं.

आणि धाग्याच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. "आपण लढायला बसतोय, रडायला बसतोय की घाबरायला बसतोय" हे त्याच दहा मिनिटांत विचारायचं असतं.

कोपऱ्यातला (गुरुवार, दुपारी ३:१०)

घड्याळजीचं ठीक आहे. तरी एक सिस्टीम पुरते या मतावर ठाम.

गुहाचर (शुक्रवार, रात्री ८:५०)

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आज गटाशी बोललो. कॅम्पेन थोडं थांबवून तीन वन-शॉट (एका बैठकीत संपणारे खेळ) करायचे ठरलं. पहिला द क्वाएट इयर, कारण गप्पवाल्या मैत्रिणीने वर्णन ऐकून स्वतःहून विचारलं की नकाशा घरी कोण नेणार. दुसरा ड्रेड. तिसरा ब्लेड्स.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. वाईट चालवणाऱ्याला सिस्टीम वाचवते हे अजून पटत नाही. पण तो गॉब्लिनचा हिशेब डोक्यातून जात नाही. काल मी माझ्या शेवटच्या काही सेशनच्या नोंदी चाळल्या. जवळजवळ प्रत्येक अडचणीचा शेवट लढाईत झाला होता, आणि त्या अडचणी मीच रचल्या होत्या.

प्रश्न एकच उरला: लढाईवाल्याचं काय करू? तीनपैकी एकातही चौकटींचा नकाशा नाही. तो तोंड पाडून बसलाय.

रूल्सवकील (शुक्रवार, रात्री ९:१५)

त्याच्यासाठी चौथा वन-शॉट ठेवा. पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती, २०१९ची. प्रत्येक टर्नला तीन अॅक्शन, हव्या तशा खर्चा. लक्ष्यापेक्षा १० ने वर गेलात की क्रिटिकल (दणदणीत यश), म्हणून प्रत्येक +१ला किंमत येते आणि सोबत्याला मदत करणं हीसुद्धा चाल ठरते. किंवा डी अँड डीचीच चौथी आवृत्ती, २००८ची. तिला लोकांनी नावं ठेवली, पण चौकटींवरची लढाई एवढ्या विचाराने फार कमी खेळांनी रचली आहे. फीटवाला मित्रही खूश होईल, दोन पक्षी एका दगडात.

कोपऱ्यातला (शुक्रवार, रात्री ९:२०)

चौथी आवृत्ती?! हा धागा आता खरा पेटणार.

टेबलखुर्ची (शुक्रवार, रात्री १०:००)

ब्लेड्स चालवताना एक सांभाळा. पाचव्या आवृत्तीतून आलेली मंडळी चोरीचा बेत तासभर आखत बसतात. आखू देऊ नका. बेताचा प्रकार निवडायचा, एक तपशील भरायचा, एंगेजमेंट रोल (सुरुवात कशी होते ते ठरवणारा) टाकायचा आणि थेट कामाच्या मध्यात उतरायचं. दोरी आणली का, चावी होती का, हे गरज पडेल तेव्हा ठरतं, सामानाच्या खुणा त्यासाठीच मोकळ्या ठेवलेल्या असतात. पहिल्यांदा सगळे गांगरतात. "पण आम्ही तयारीच केली नाही!" म्हणतील. तेव्हा म्हणा, "केली होती, काल. काय केली होती ते सांगा."

आणि लढाईवाल्याला कटर (मारामारी करणारं पात्र) द्या. त्याला एकट्याला टोळीशी भिडता येतं.

शून्यगुण (शुक्रवार, रात्री १०:०८)

भिडेल आणि टोळी दत्तक घेईल. थैली सांभाळायला माणूस लागला तर आमचा गॉब्लिन मोकळा आहे.

दशांशचिन्ह (शुक्रवार, रात्री १०:३१)

चौथ्या आवृत्तीवर वेगळा धागा काढा कोणीतरी. इथे सुरू झालं तर गुहाचर यांचे वन-शॉट राहून जातील.